यूरँडम कच्चं नाही

बडोद्याला दांडिया बाजारात राहणाऱ्या काकांनी जुना संगणक विकण्याआधी डिस्क पुसायला घेतली. त्यासाठी जुन्या माहितीवर यादृच्छिक आकडे लिहायचे होते; लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ते /dev/random (रँडम) आणि /dev/urandom (यूरँडम) या दोन फायलींतून मिळतात. 'यूरँडम कच्चं, रँडमच वापरा,' असं कुणीतरी सांगितलेलं, म्हणून त्यांनी रँडम लावलं. सकाळी पाहिलं तर पुसलेल्या जागेचा आकडा काही किलोबाइटांवरच अडकलेला!

हा समज साफ चुकीचा आहे. लिनक्समध्ये 2016 पासून यूरँडम चाचा20 या भक्कम सायफरवर (माहिती सांकेतिक करण्याच्या पद्धतीवर) चालतं. जुन्या कर्नेलात (लिनक्सच्या गाभ्यात) रँडम अडायचं, कारण एन्ट्रॉपीचा, म्हणजे जमवलेल्या यादृच्छिकतेचा, अंदाज घटला की ते थांबे. 2020 च्या 5.6 कर्नेलपासून ती अडवणूकही गेली.

खरं तर फिरत्या तबकडीच्या आजच्या डिस्कला शून्यांचा एक पूर्ण हातही पुरतो. एसएसडीचं (चिपवर साठवणाऱ्या ड्राइव्हचं) मात्र वेगळं: राखीव ब्लॉकांपर्यंत असं लेखन पोहोचत नाही, तिथे ड्राइव्हची स्वतःची सिक्युअर इरेज आज्ञाच द्या.