‘आलिन’ दोनदा हिट कसं झालं, त्याची पार्श्वभूमी

फ्रान्समध्ये ‘यंदाच्या उन्हाळ्याचं गाणं’ हा प्रकार रुजला तो सुट्ट्यांमुळे. 1936 ला कायद्याने 2 आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली, 1956 ला तिसरा आठवडा, मग ट्रान्झिस्टर थेट बीचवर पोचला. क्रिस्तोफ या फ्रेंच गायकाच्या ‘आलिन’ या गाण्याची गोष्ट मात्र 1965 ची.

गाणारा पोरगा जेमतेम 19 वर्षांचा, शब्द त्याचे, चालही त्याचीच. गाण्यात घडतं एवढंच की तो वाळूवर आलिन या मुलीचा हसरा चेहरा काढतो, पाऊस येतो, चेहरा पुसला जातो आणि मग तो तिच्या नावाने हाका मारत सुटतो. ‘क्रिये, क्रिये’ (म्हणजे ओरडलो, ओरडलो) म्हणताना आवाज जो वर चढतो ना, तिथे कितीही वेळा ऐका, काटा येतोच. तेव्हा तरुण पोरं रॉक अँड रोल आणि ट्विस्टवर नाचत होती आणि त्यात हे संथ, जोडीने जवळ येऊन नाचायचं गाणं तुफान खपलं.

मग आला खटला. दुसऱ्या एका गायकाचं म्हणणं होतं की सुरुवातीचे सूर आणि लय त्याच्या आधीच्या गाण्यातून उचललेत, आणि पहिल्या कोर्टात तो जिंकलाही. हा निकाल मला कधीच पटला नाही. सुरुवातीचे चार सूर जुळले म्हणून अख्खं गाणं चोरीचं कसं ठरतं? त्या काळच्या संथ प्रेमगीतांत तेच ते कॉर्ड सगळेच वापरायचे, कोणाचं कोणाशी जुळणार नाही? आणि लोकांच्या तोंडी जे बसलं ती तर पुढची हाक आहे. अपिलाला वेळ लागला, सत्तरच्या दशकात निकाल फिरला आणि गाणं पुन्हा ज्याचं त्याला मिळालं, पण तोवर ‘चोरीची चाल’ हा शिक्का त्याने वर्षानुवर्षं सोसला.

केस सुटल्यावर 1979 ला रेकॉर्ड पुन्हा बाजारात आली. डिस्कोचा जमाना, गायक मधल्या काळात वेगळ्याच, प्रयोगाच्या वाटेला गेलेला, आणि तरी 14 वर्षं जुनं गाणं परत धो धो खपलं, ज्यांचा 1965 ला जन्मही झाला नव्हता त्या पोरांनीही ते डोक्यावर घेतलं. माझ्या मते खरा निकाल हाच.

गायक एप्रिल 2020 मध्ये गेला. पुढच्याच वर्षी एका अमेरिकन दिग्दर्शकाच्या सिनेमासाठी एका इंग्रज गायकाने ‘आलिन’ गायलं, तेही फ्रेंचमध्येच, आणि नव्या पिढीतल्या कितीतरी जणांना ते तिथून कळलं.