ऑस्ट्रेलियाहून भारत आणि युरोपकडे जाताना: विमानमार्ग निवडण्याविषयी माहिती
(मेलबर्नमधील आमच्या प्रवास कार्यालयाच्या ग्राहकांसाठी)

तिकिटाची चौकशी करताना बहुतेक ग्राहक भाडे किती आणि एकूण तास किती, असे दोनच प्रश्न विचारतात. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु ऑस्ट्रेलियातून निघणारा प्रवास मुळातच लांबचा असतो. त्यामुळे विमान कोठे बदलायचे आहे, आणि ते बदलताना आपली व आपल्या सामानाची जबाबदारी कोणाकडे राहणार आहे, यावरच प्रवास सुखाचा होणार की मनस्तापाचा, हे बहुतांशी ठरते. म्हणून हे पत्रक मुख्यतः त्या मधल्या थांब्याविषयी आहे.

मेलबर्न ते मुंबई हे अंतर सरळ मोजल्यास सुमारे ९,८०० किलोमीटर आहे. सिंगापूर जवळजवळ याच वाटेवर असल्यामुळे तेथे थांबून गेल्यास अंतरात नाममात्रच भर पडते. मेलबर्नहून सिंगापूरपर्यंत साधारण पावणेआठ तास आणि तेथून मुंबईपर्यंत साधारण साडेपाच तास, अशी प्रवासाची बऱ्यापैकी समतोल विभागणी होते. क्वालालंपूरमार्गे जाणाऱ्यांचाही हिशेब असाच आहे. दुबई किंवा दोहामार्गे जाताना मात्र विमान भारताच्या दक्षिणेकडून पुढे निघून जाते आणि आपल्याला मागे यावे लागते. मेलबर्न ते दुबई हा टप्पाच सुमारे चौदा तासांचा असून नंतर मुंबईसाठी आणखी तीन तास लागतात. आखाती कंपन्यांची विमाने प्रशस्त असतात आणि त्यांचे भाडेही काही वेळा आकर्षक असते, परंतु केवळ मुंबई गाठायची असेल तर हा वळसा आम्ही सहसा सुचवत नाही. पर्थच्या ग्राहकांना तर सिंगापूर अवघ्या पाच तासांवर आहे.

एअर इंडियाची मेलबर्न आणि सिडनीहून दिल्लीला जाणारी थेट सेवा ज्येष्ठ प्रवाशांना विशेष आवडते, आणि त्याचे कारण आम्हांला पटते: परक्या देशाच्या विमानतळावर उतरावे लागत नाही आणि अडचण आली तर हिंदीत विचारता येते. तरीही दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. भारतात प्रथम जेथे उतरतो तेथेच इमिग्रेशन आणि कस्टम्सचे सोपस्कार होत असल्यामुळे, सामानावर मुंबईचा टॅग असला तरी ते सामान्यतः दिल्लीत पट्ट्यावरून उचलून पुन्हा द्यावे लागते. दुसरे असे की आपल्या शाळांची उन्हाळी सुट्टी डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीअखेरपर्यंत असते आणि दिल्लीतील दाट धुक्याचा काळही नेमका तोच असतो. त्या दिवसांत दिल्लीहून पुढचे विमान गाठण्यासाठी दोन-अडीच तासांचा अवधी पुरेल असे धरून चालणे धाडसाचे आहे. सिडनीकरांसाठी क्वांटासने सप्टेंबर २०२२ मध्ये बंगळूरची थेट सेवा सुरू केली. दक्षिण महाराष्ट्रात किंवा गोव्यात जाणाऱ्यांनी तिचाही विचार करावा.

मुंबईला उतरून पुढे नागपूर, गोवा किंवा छत्रपती संभाजीनगरचे विमान घेणाऱ्यांनी तिकिटावरील विमानतळाचे नाव आता अधिक काळजीपूर्वक वाचावे. नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर २०२५ मध्ये प्रवासी वाहतूक सुरू झाली असल्यामुळे एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून निघण्याचा प्रसंग ओढवू शकतो. गोव्यातही दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत, आणि मडगावला जाणाऱ्याला मोपा बरेच दूर पडते.

एकच तिकीट की दोन वेगळी तिकिटे?

भाड्यातील मोठी तफावत बहुधा येथे दिसते, आणि आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींचे मूळही बहुधा येथेच असते. संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असेल, तर पहिले विमान उशिरा पोहोचल्यामुळे दुसरे चुकले तरी पुढच्या उपलब्ध विमानाने आपल्याला पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीवर असते, आणि सामान सहसा थेट पुढे जाते. मेलबर्न ते क्वालालंपूर एका स्वस्त कंपनीचे आणि तेथून मुंबईपर्यंत दुसऱ्या कंपनीचे, अशी दोन स्वतंत्र तिकिटे काढली, तर पहिल्या विमानाच्या उशिराशी दुसऱ्या कंपनीचा काहीही संबंध राहत नाही. विमान चुकले की ते तिकीट बुडाले, असेच समजावे. शिवाय सामान स्वतः उचलून पुन्हा देण्यासाठी त्या देशात रीतसर प्रवेश करावा लागतो, त्यासाठी पासपोर्टनुसार व्हिसा किंवा पूर्वनोंदणी लागू शकते, आणि टर्मिनलही वेगळे असू शकते. क्वालालंपूरला एअरएशियाची विमाने दुसऱ्या टर्मिनलवर आणि मलेशिया एअरलाइन्सची पहिल्या टर्मिनलवर असतात. दोहोंमध्ये गाडीने जावे लागते. तरुण, एकटा आणि हातातल्या बॅगेवर निघालेला प्रवासी हे सगळे निभावून नेऊ शकेल. परंतु आई-वडील एकटे येणार असतील तर दोनशे-तीनशे डॉलर अधिक मोजावे लागले तरी एकाच तिकिटाचा आग्रह धरावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यांच्यासाठी व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच नोंदवावी. चालता येत असले तरीही, कारण सोबत येणारा कर्मचारी त्यांना थेट पुढच्या गेटपर्यंत पोहोचवतो.

सिडनीमार्गे जाणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. तेथील विमानतळावर रात्री ११ ते सकाळी ६ या वेळेत उड्डाणांवर निर्बंध आहेत. त्यामुळे संध्याकाळी उशिरा सुटणारे विमान दोन तास रखडले तर ते सकाळपर्यंत अडकण्याचा संभव असतो. ॲडलेडलाही असाच नियम आहे. मेलबर्न मात्र चोवीस तास खुले असते. सिडनीचे आंतरराष्ट्रीय आणि देशांतर्गत टर्मिनल धावपट्टीच्या दोन बाजूंना आहेत, म्हणून मेलबर्नहून सिडनीला जाऊन पुढे परदेशी जाण्यापेक्षा मेलबर्नहूनच निघणे बरे.

युरोपकडे

क्वांटासने १ डिसेंबर १९४७ रोजी सिडनी ते लंडन नियमित सेवा सुरू केली, तेव्हा डार्विन, सिंगापूर, कोलकाता, कराची, कैरो आणि त्रिपोली असे थांबे घेत प्रवासाला चार दिवस लागत. या मार्गाला कंगारू मार्ग म्हणतात. आता मार्च २०१८ पासून पर्थ ते लंडन हे सुमारे १४,५०० किलोमीटरचे अंतर विमान न थांबता साधारण सतरा तासांत कापते, आणि जुलै २०२४ पासून पर्थहून पॅरिसचीही थेट सेवा आहे. जाताना वारा समोरून येत असल्यामुळे परतीपेक्षा अधिक वेळ लागतो. या मार्गावरील बोइंग ७८७ विमानात केबिनमधील हवेचा दाब सुमारे १,८०० मीटर उंचीइतका राखला जातो, जुन्या विमानांत तो सुमारे २,४०० मीटर उंचीइतका असे; त्यामुळे थकवा काहीसा कमी जाणवतो. तरीही इकॉनॉमीच्या आसनावर सलग सतरा तास बसणे हे सर्वांना मानवणारे नाही. गुडघेदुखी किंवा पायांवर सूज येण्याचा त्रास असलेल्यांनी सिंगापूर किंवा दुबईचा दोन-तीन तासांचा थांबा गैरसोय न मानता सोय मानावा, आणि रक्ताच्या गुठळीचा पूर्वेतिहास असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

थेट विमानाचाही थेटपणा परिस्थितीवर अवलंबून असतो. एप्रिल २०२४ मध्ये पश्चिम आशियातील तणावामुळे मार्ग बदलावा लागला, तेव्हा पर्थहून लंडनला जाणारे विमान इंधनासाठी सिंगापूरला उतरवावे लागले. जून २०२५ मध्ये कतारने आपले आकाश काही काळ बंद केले, तेव्हा दोहामार्गे जाणाऱ्यांचे वेळापत्रक पार विस्कटले. म्हणून युरोपला लग्न, परीक्षा किंवा जहाजसफरीसाठी जाणार असाल, तर किमान एक दिवस आधी पोहोचण्याची योजना करावी. युरोपीय संघातील विमानतळावरून निघणाऱ्या विमानाला मोठा उशीर झाल्यास तेथील नियमांनुसार अनेक प्रसंगी रोख भरपाई मिळू शकते. ऑस्ट्रेलियातून युरोपाबाहेरील कंपनीच्या विमानाने निघताना तो नियम लागू नसतो, तेथे प्रवास विमाच उपयोगी पडतो.

दरपत्रक मागवताना प्रत्येक प्रवाशाचे पासपोर्टवर आहे तसे नाव, पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे ते आणि त्याची मुदत कळवावी. ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व घेतलेल्यांनी ओसीआय कार्ड अथवा भारताचा व्हिसा आहे का, हेही लिहावे. परतताना मसाले, लोणची, तूप, मिठाई असे जे काही खाद्यपदार्थ सामानात असतील ते विमानात मिळणाऱ्या प्रवासी पत्रकावर जाहीर करावेत; जाहीर केलेला पदार्थ फार तर काढून घेतला जातो, लपवलेल्यासाठी मात्र दंड होतो. मेलबर्न आणि भारत यांच्या वेळेत हिवाळ्यात साडेचार आणि ऑक्टोबर ते एप्रिल या काळात साडेपाच तासांचा फरक असतो. म्हणून भारतातील नातेवाइकांना विमान उतरण्याची वेळ कळवताना ती तिकिटावर छापलेली, म्हणजे तेथील स्थानिक वेळच कळवावी.