रत्नागिरी दोन दिवसांत : गाडी ठरवण्याआधी एवढं वाचा

गाडीसाठी फोन आला की पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं : "गणपतीपुळे करायचंय, आणि वाटेत जे काय असेल ते." या 'वाटेत जे काय' मध्ये अख्खं रत्नागिरी शहर येतं, आणि इथलेच असल्यामुळे आम्हाला ते जरा लागतं. स्टेशनवरून थेट पुळे, दर्शन, मोदक, परत स्टेशन, अशी फेरीही आम्ही मारतो. धंदाच आहे तो. पण हातात दोन दिवस असतील तर पहिला दिवस शहराला द्या, असं आमचं आग्रहाचं सांगणं आहे.

पहिला दिवस : गावातल्या गावात

सकाळी टिळक आळी. लोकमान्यांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, इथल्या घरातला. कौलारू घर, पुढे अंगण. बघायला अर्धा तास पुरतो. तिथून थिबा राजवाडा. हे दोन्ही आम्ही मुद्दाम एकापाठोपाठ दाखवतो, त्याला कारण आहे.

ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली मंडालेच्या गादीवरून उतरवलं आणि पुढच्याच वर्षी कुटुंबासकट रत्नागिरीत आणून ठेवलं. बरीच वर्षं त्यानं बंगल्यांत काढली. आज आपण बघतो तो राजवाडा बांधून झाला १९१० साली. त्या वेळी टिळक कुठे होते? मंडालेच्या तुरुंगात, १९०८ च्या शिक्षेवर. ते सुटले १९१४ मध्ये. म्हणजे जवळजवळ सहा वर्षं अशी गेली की रत्नागिरीत जन्मलेला माणूस मंडालेत कैदेत आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत नजरकैदेत. आळीतून निघून राजवाड्याच्या फाटकात गाडी शिरते तेव्हा ही जोडी डोक्यात असली, की नुसती जुनी इमारत बघितल्यासारखं होत नाही.

राजवाड्यात घाई करू नका. अर्धगोल लाकडी खिडक्या नीट बघा, आणि वरच्या मजल्यावरून भाट्याची खाडी जिथे समुद्राला मिळते तिकडे पाहत थोडा वेळ उभे राहा. राजानं सहा वर्षं हेच पाहिलं. डिसेंबर १९१६ मध्ये तो इथेच वारला. राणी सुपायालत १९१९ साली मायदेशी परतली, पण राजाची समाधी शिवाजीनगर भागात आजही आहे. २०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन इथे येऊन गेले. पर्यटक मात्र समाधीकडे फारसे वळत नाहीत. तुम्ही म्हणालात तर आम्ही नेतो, वेगळं भाडं नाही. सोमवारी राजवाड्यातलं संग्रहालय बंद असतं, तेवढं बघून तारीख धरा.

तिसरं ठिकाण पतितपावन मंदिर. अंदमानातून आणलेल्या सावरकरांना १९२४ ते १९३७ रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध ठेवलं होतं. राजकारणाला बंदी, म्हणून त्यांनी समाजसुधारणेचं काम हाती घेतलं. सर्व जातींना गाभाऱ्यापर्यंत मोकळीक असलेलं हे मंदिर १९३१ साली उघडलं. पैसा भागोजीशेठ कीरांचा. मुंबईकरांना खूण सांगायची तर दादरच्या स्मशानभूमीला ज्यांचं नाव आहे, तेच हे.

दुपारी जेवून पाठ टेका आणि चारनंतर रत्नदुर्गावर चला. किल्ला घोड्याच्या नालासारखा, तीन बाजूंना समुद्र, आत भगवतीचं देऊळ, टोकाला दीपगृह. वरून मिरकरवाड्याच्या बंदरात लागलेल्या मच्छीमार बोटी दिसतात. किल्ल्याच्या एका अंगाला काळा समुद्र, दुसऱ्या अंगाला पांढरा. नावं वाळूच्या रंगावरून पडली आहेत. सूर्यास्ताला मांडवी. तिथे भेळ खायची की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा.

दुसरा दिवस : समुद्राच्या कडेनं

सकाळी सातला निघू. गणपतीपुळ्याला किनाऱ्याच्या रस्त्यानं साधारण पंचवीस किलोमीटर. मध्ये आरे-वारे. रस्ता डोंगराच्या नाकावर चढतो आणि दोन्ही बाजूंचे किनारे एकदम खाली दिसतात. इथे सगळ्यांना फोटो हवे असतात, पण वळणावर गाडी थांबवणार नाही. पुढे जागा आहे, तिथे थांबू.

पुळ्याला देवळामागची टेकडी हाच गणपती मानतात, म्हणून प्रदक्षिणा टेकडीलाच घालायची. दर्शनाची रांग मोठी असेल तर आधी प्रदक्षिणा उरका. ऊन चढल्यावर फरशी पायाला चटके देते. तिथून जवळच मालगुंड, १८६६ साली जन्मलेल्या केशवसुतांचं गाव. घर आणि स्मारक दोन्ही बघण्यासारखं. उत्साह उरला तर जयगडचा किल्ला आणि खाडी. नसला तर सरळ परत. मुलांच्या हट्टापायी एका दिवसात आठ ठिकाणं कोंबू नका, संध्याकाळी तीच मुलं मागच्या सीटवर ओकतात.

भरतीचं गणित

इथे जरा जास्त लिहितोय, कारण दरवर्षी पुळ्याच्या समुद्रात माणसांचे जीव जातात. इथली जुनी माणसं भरती तोंडी काढतात : तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती आणि त्याआधी सहा तास, नऊला, पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहाला. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण अंदाजाला पुरतं. संकष्टीला पुळ्याला येणाऱ्यांनी तर हे पाठच करावं. ओहोटी लागली की पाणी शांत वाटतं आणि तेव्हाच ते आत ओढतं. गुडघ्यापर्यंत, त्यापुढे नाही. जीवरक्षकानं शिट्टी मारली तर वाद घालू नका.

आणि गाडी वाळूत उतरवा म्हणू नका. मागे एका हौशी गिऱ्हाइकाच्या शब्दाला भुलून आमच्याच एका चालकानं उतरवली. चाकं रुतली, भरती चढायला लागली, शेवटी गावातल्या ट्रॅक्टरनं ओढून काढली. मॅटखालची खारट वाळू दिवाळीपर्यंत निघत होती.

तिसरा दिवस मिळालाच तर

सड्यावरची, म्हणजे उघड्या कातळी पठारावरची, कातळशिल्पं बघा. उघड्या जांभ्यावर कोरलेली ही चित्रं अभ्यासक हजारो वर्षांपूर्वीची मानतात. २०२२ साली ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. उक्षीला हत्ती आहे, भोवती कठडा आहे. राजापूर तालुक्यात कशेळीचा हत्ती तर सुमारे १८ मीटर लांब, आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेले. चपला काढूनच जवळ जा. सकाळी किंवा उतरत्या उन्हात रेघा उठून दिसतात. भर दुपारी नुसता तापलेला दगड. ज्यांना हे नको त्यांच्यासाठी पावस, स्वामी स्वरूपानंदांचं समाधिमंदिर. तिथे शांत वाटतं.

भाड्याबद्दल

दिवस म्हणजे सकाळी आठ ते रात्री आठ. लवकर निघालो तर परतही लवकर. डिझेल आणि चालकाचं जेवण आमच्याकडे. पार्किंग आणि तिकिटं तुमच्याकडे. स्टेशन शहरापासून लांब, कुवारबावला आहे, त्यामुळे आणणं-सोडणं दिवसात धरलेलं नाही. कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकावर असेल तर गाडीची वेळ आम्हाला आदल्या दिवशी पुन्हा कळवा.

एप्रिल-मेमध्ये येणारे हापूस नेतातच. हापूसला २०१८ पासून भौगोलिक मानांकन आहे, तरी पेटीवर छापलेल्या नावावर जाऊ नका. बागवाल्याकडूनच घ्या, आम्ही गाठ घालून देतो, त्यात आमची दलाली नाही. घरी पोचायला दोन दिवस असतील तर अर्धे कच्चे मागा आणि अढीतला पेंढा सोबत घ्या. पेटी बंद डिकीत ठेवू नका, पायाशी ठेवा. डिकीत उन्हानं आंबा पिकत नाही, उकडतो.