पत्ता एक, याद्या अनेक: नकाशे आणि समाजमाध्यमांच्या जोडणीची पार्श्वभूमी

सोलापुरात नवी पेठेतले दुकान होटगी रोडला हलवले, गूगल मॅप्सवर पिन बदलली, तरी इन्स्टाग्रामवर गिऱ्हाईक टॅग करते ती जुनीच जागा. दुकानदाराला वाटते, कुठले तरी बटण दाबायचे राहिले. पण त्याने दुरुस्त केली ती यादी वेगळी आणि इन्स्टाग्राम वाचते ती वेगळी. हे असे का झाले, ते गेल्या वीस-पंचवीस वर्षांच्या घडामोडींत सापडते.

मे 2000 पर्यंत अमेरिका जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम चूक मिसळत असे. शंभरेक मीटरचा फरक पडायचा, म्हणजे पेठेतल्या दोन-तीन गल्ल्या सहज ओलांडल्या जायच्या. ती भेसळ थांबली आणि खिशातल्या यंत्राला आपली जागा सांगता येऊ लागली. फेब्रुवारी 2005 मध्ये गूगल मॅप्स आले. दोनच महिन्यांत पॉल रेडमाकर या प्रोग्रॅमरने क्रेगलिस्ट या जाहिरातींच्या संकेतस्थळावरच्या भाड्याच्या घरांच्या जाहिराती त्या नकाशावर मांडून दाखवल्या. तेव्हा गूगलचा अधिकृत एपीआय, म्हणजे दुसऱ्याच्या प्रोग्रॅमला नकाशा वापरू देणारा दुवा, तोही नव्हता. तो जूनमध्ये खुला झाला. दुसऱ्याच्या नकाशावर आपली माहिती टाकायची रीत तिथून रुळली. 2006 मध्ये फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळाने फोटो नकाशावर ओढून ठेवायची सोय दिली.

तिढा पडला तो 2009 पासून. त्या वर्षी फोरस्क्वेअर हे ॲप आले आणि ‘मी इथे आहे’ असे जाहीर करणे, म्हणजे चेक-इन, हाच संवाद झाला. यादीत ठिकाण नसेल तर वापरणाऱ्यानेच ते घालायचे. ऑगस्ट 2010 मध्ये फेसबुकने ‘प्लेसेस’ ही चेक-इनची सोय आणून ठिकाणांची स्वतःची यादी सुरू केली. इन्स्टाग्राम आधी फोरस्क्वेअरची यादी वापरत होते, 2014 मध्ये ते फेसबुकच्या यादीकडे वळले. गूगलची यादी तिसरी, ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच बनवलेल्या नकाशाची चौथी. यांतली एक बदलली म्हणून दुसरी आपोआप बदलत नाही.

सोलापुरात याचा त्रास जास्त जाणवतो. मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारे इथे शेजारी-शेजारी राहतात. चौकाचे नाव रोमन लिपीत जो तो आपल्या उच्चाराने लिहितो आणि एकाच चौकाच्या दोन-तीन नोंदी होऊन बसतात. त्यात शुक्रवार पेठ, मंगळवार पेठ, भवानी पेठ ही नावे पुण्यातही आहेत. पत्त्यात ‘सोलापूर’ आणि पिनकोड नसेल तर पत्त्यावरून जागा शोधणारी प्रणाली थेट पुणे गाठू शकते. म्हणून दुरुस्तीचा क्रम असा ठेवावा: गूगल बिझनेस प्रोफाइलमध्ये, म्हणजे गूगलवरच्या दुकानाच्या नोंदीत, उपग्रहचित्र पाहून पिन दुकानाच्या शटरवर आणा. मग तोच पत्ता, अक्षरही न बदलता, फेसबुक पेजवर भरा आणि तिथली पिन वेगळी तपासा. शेवटी इन्स्टाग्रामवर ठिकाण शोधून पाहा. जुनी नोंद तिथे अजून दिसत असेल तर ती बंद किंवा दुबार असल्याचे कळवा. हे शेवटचे काम बहुतेक जण सोडून देतात आणि गिऱ्हाईक नेमके त्याच नोंदीवर जाते.

अक्षांश-रेखांशांचीही एक जुनी अडचण आहे. सोलापूर साधारण 17.66 उत्तर, 75.91 पूर्व. गूगल मॅप्समध्ये अक्षांश आधी लिहितात, जिओजेसन या फाइलप्रकारात रेखांश आधी. क्रम उलटला तर सोलापूर नॉर्वेच्या उत्तरेला, स्वालबार्ड बेटांजवळच्या समुद्रात जाऊन पडते. दशांशाचेही भान हवे. दोन स्थळे ठेवली तर सुमारे एक किलोमीटरची ढिलाई राहते, चार ठेवली तर अकरा मीटरची, पाच ठेवली तर जेमतेम एका मीटरची. मंगल कार्यालयाचे फाटक दाखवायला पाच पुरतात. त्यापुढचे आकडे फोनच्या जीपीएसला पेलतच नाहीत.

जुलै 2018 मध्ये गूगलने नकाशांच्या एपीआयचे दर बदलले आणि बिलिंग खाते सक्तीचे केले. ज्यांनी ते जोडले नाही, त्यांच्या वेबसाइटवरचा नकाशा काळवंडला आणि त्यावर ‘फॉर डेव्हलपमेंट पर्पजेस ओन्ली’ अशी अक्षरे उमटली. फक्त पत्ता दाखवायचा असेल तर वेबपानात जसाच्या तसा बसवायचा (एम्बेडचा) साधा, मोफत नकाशा पुरतो. एपीआयची की, म्हणजे तो वापरायची सांकेतिक किल्ली, वापरायचीच असेल तर ती आपल्या डोमेनपुरती, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्यापुरती, बांधून ठेवा. मोकळी की दुसऱ्याने उचलली तर बिल आपल्याला येते.

आपल्याकडे मात्र ही जोडणी घरोघरी पोचली ती व्हॉट्सॲपमुळे. ऑक्टोबर 2017 मध्ये लाइव्ह लोकेशन आले: 15 मिनिटे, 1 तास किंवा 8 तास. आषाढीला पंढरपुरात किंवा कोजागरीला तुळजापूरच्या पायी वाटेवर चुकामूक झाली की आता आधी हेच पाठवतात. गर्दीत नेटवर्क तुटते आणि ठिपका जुन्याच जागी थांबून राहतो. म्हणून ठिपक्याआधी शेवटची नोंद किती मिनिटांपूर्वीची आहे ते वाचावे. लग्नपत्रिकेवर लाइव्ह लोकेशन कामाचे नाही, ते आठ तासांत संपते. नकाशात फाटकावर बोट दाबून धरा, टाचणी पडली की तिचा दुवा घ्या, त्याचा क्यूआर बनवा आणि छापण्याआधी दुसऱ्या कुणाच्या फोनवर उघडून पाहा.

फोटोंचे प्रकरण याहून नाजूक आहे. कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर फोटोच्या पोटात अक्षांश-रेखांश बसतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवले की ते गळतात, डॉक्युमेंट म्हणून पाठवले की तसेच राहतात. ट्विटरने नेमक्या जागेचा टॅग जून 2019 मध्ये काढून टाकला, पण फोनमधले कॅमेऱ्याचे सेटिंग आपल्यालाच बंद करावे लागते. घरीच शिवणकाम करून मालाचे फोटो व्यापाऱ्याला डॉक्युमेंट म्हणून पाठवणाऱ्या बाईने ते आधी पाहावे, कारण त्या फोटोबरोबर तिच्या घराचा उंबरठाही जातो.