रॅपमधील अतिनिर्मितीचा वाद: मिक्सटेपपासून स्ट्रीमिंगपर्यंत

रॅपर गरजेपेक्षा जास्त गाणी प्रसिद्ध करतात, त्यामुळे दर्जा घसरतो आणि नव्या अल्बमची उत्सुकताच उरत नाही, ही तक्रार गेल्या दहा वर्षांत अमेरिकेतील हिप-हॉपच्या श्रोत्यांमध्ये सातत्याने ऐकू येते. तक्रारीत तथ्य आहे, मात्र तिचे कारण बहुधा चुकीच्या ठिकाणी शोधले जाते. विपुल निर्मिती ही या संगीतात नवी गोष्ट नाही. सरावाचे, चाचपणीचे गाणे आणि पूर्ण विचार करून सिद्ध केलेले गाणे यांच्यासाठी पूर्वी दोन स्वतंत्र जागा होत्या. स्ट्रीमिंगच्या, म्हणजे इंटरनेटवरून थेट गाणी ऐकण्याच्या, काळात त्या एक झाल्या, आणि नेमक्या त्याच काळात गाण्यांच्या मोजदादीचे नियम असे बनले की काटेकोर निवड करणाऱ्या कलावंताचे नुकसान व्हावे. आजच्या वादाचे मूळ या दोन बदलांत आहे.

हिप-हॉपचा आरंभ १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील पार्ट्यांमधून झाला असे मानले जाते. पहिली काही वर्षे ही कला तबकडीवर आलेलीच नव्हती. कूल हर्क, ग्रँडमास्टर फ्लॅश यांच्यासारखे डीजे संगीत वाजवीत आणि एमसी, म्हणजे रॅपर, त्यावर यमके जुळवीत. १९७९ मध्ये शुगरहिल गँगचे ‘रॅपर्स डिलाइट’ गाजले, तेव्हा कुठे या कलेला मोठी बाजारपेठ आहे हे व्यवसायाच्या ध्यानात आले. तोवर ती पसरली होती कॅसेटवरून. पार्ट्यांमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या टेप हातोहात फिरत, आणि पुढे याच प्रथेतून मिक्सटेप, म्हणजे डीजेंनी बांधलेली गाण्यांची अनधिकृत टेप, आकाराला आली. सतत काहीतरी नवे ऐकवत राहणे, ऐकणाऱ्याच्या समोरच धार लावणे, ही अपेक्षा रॅपरकडून अगदी सुरुवातीपासून आहे. त्यामुळे रॅपरने दोन-तीन वर्षांतून एकदाच बोलावे, हा आदर्श या कलेच्या पोटातून आलेला नाही. तो ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या वेळापत्रकातून आला.

ते वेळापत्रक १९९० च्या दशकात पक्के झाले. आधी एखादे गाणे रेडिओवर जाई, त्याचा व्हिडिओ दूरचित्रवाणीवर दिसे, मासिकांत परीक्षणे छापून येत आणि मग ठरलेल्या मंगळवारी अल्बम दुकानात पोहोचे. एप्रिल १९९४ मध्ये आलेला नासचा ‘इलमॅटिक’ हा पहिला अल्बम अजूनही या शिस्तीचा मानदंड समजला जातो, कारण प्रास्ताविक धरून अवघ्या दहा तुकड्यांत आणि सुमारे चाळीस मिनिटांत तो संपतो आणि त्यातील एकही जागा भरीची वाटत नाही.

पण त्याच दशकात अल्बम फुगूही लागले, हे आज विसरले जाते. सीडीवर ७४ मिनिटे मावत असल्याने मोकळी जागा भरण्याचा मोह वाढला आणि गाण्यांच्या मध्ये छोटे विनोदी प्रवेश घालण्याची पद्धत रुळली. १९९६ मध्ये टुपाकचा २७ गाण्यांचा दुहेरी अल्बम आला आणि १९९७ मध्ये नोटोरियस बीआयजी व वू-टँग क्लॅन यांनीही दुहेरी अल्बम काढले. डीएमएक्सने १९९८ या एकाच वर्षात दोन अल्बम दिले आणि दोन्ही थेट पहिल्या क्रमांकावर गेले. न्यू ऑर्लिन्समधून पुढे आलेल्या मास्टर पी याच्या ‘नो लिमिट’ कंपनीने त्याच वर्षी निरनिराळ्या कलावंतांचे वीसहून अधिक अल्बम बाजारात आणले. जे-झी १९९६ ते २००३ या काळात दरवर्षी किमान एक अल्बम काढीत होता. त्याचा २००२ चा दुहेरी अल्बम या विषयासाठी फार बोलका आहे: २५ गाण्यांचा तो संच लांबला आहे अशी टीका झाली आणि पुढच्याच वर्षी त्याची छाटलेली एक-सीडी आवृत्ती दुकानात आली. अतिनिर्मितीची तक्रार आणि तिच्यावर काढलेला उपाय, दोन्ही स्ट्रीमिंगच्या बऱ्याच आधीचे आहेत.

यानंतरचा टप्पा मिक्सटेपचा आहे, आणि माझ्या मते सगळ्या इतिहासातला तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. २००० मध्ये गोळीबारात जखमी झालेल्या फिफ्टी सेंटला त्याच्या कंपनीने सोडून दिले. त्यानंतर २००२ मध्ये त्याने आपल्या साथीदारांसह मिक्सटेपचा सपाटा लावला. दुसऱ्यांच्या गाजलेल्या बीटवर, म्हणजे गाण्यामागच्या तालसंगीतावर, नवे शब्द बसवायचे आणि टेप रस्त्यावर सोडायची, अशी ती पद्धत होती. फेब्रुवारी २००३ मध्ये त्याचा पहिला अधिकृत अल्बम आला आणि पहिल्या आठवड्यात त्याच्या सुमारे ८ लाख ७२ हजार प्रती खपल्या. लिल वेनने ही रीत टोकाला नेली. २००६ ते २००८ या काळात त्याने इतक्या मिक्सटेप दिल्या आणि इतरांच्या इतक्या गाण्यांवर हजेरी लावली की तो ऐकू आला नाही असा आठवडा सापडणे कठीण होते. अतिपरिचयाने उत्सुकता मरते, हा नियम सर्वत्र लागू असता तर त्याचा पुढचा अल्बम आपटायला हवा होता. प्रत्यक्षात १० जून २००८ रोजी आलेल्या ‘द कार्टर ३’च्या पहिल्याच आठवड्यात दहा लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या.

हे घडू शकले, कारण श्रोत्याला दोन्हींतला फरक माहीत होता. मिक्सटेप म्हणजे आखाड्यातली मेहनत आणि अल्बम म्हणजे कुस्ती, हे उघड होते. मिक्सटेप फुकट किंवा नाममात्र किमतीला मिळे, तिच्यावर डीजेच्या आरोळ्या असत, बीट दुसऱ्याचे असत, त्यामुळे तिच्यात फसलेले गाणे असले तरी कोणी रागावत नसे. उलट तिच्यातून कोणते सूर, कोणत्या लकबी लोकांना भावतात हे रॅपरला कळे आणि ते ज्ञान अल्बमच्या कामी येई. विपुलता तेव्हा उत्सुकतेला खतपाणी घालत होती. ही व्यवस्था कायद्याच्या दृष्टीने मात्र नेहमीच अधांतरी राहिली. जानेवारी २००७ मध्ये अटलांटात डीजे ड्रामाच्या स्टुडिओवर छापा पडला, त्याला अटक झाली आणि हजारो सीडी जप्त करण्यात आल्या. कंपन्या ज्या टेपमधून आपल्या कलावंतांची प्रसिद्धी करून घेत होत्या, त्याच टेप बांधणाऱ्यावर त्यांच्या संघटनेच्या पुढाकाराने कारवाई व्हावी, हा अन्याय होता असेच मला वाटते. त्यानंतर मिक्सटेप रस्त्यावरून हटली आणि डॅटपिफसारख्या संकेतस्थळांवर स्थिरावली. तिथे गुची मेन, लिल बी, फ्यूचर यांच्यासारख्यांनी निर्मितीचा वेग आणखी वाढवला. गुची मेन तर तुरुंगात असतानाही, आधी ध्वनिमुद्रित करून ठेवलेल्या साठ्यातून, त्याच्या नावाने टेप निघत राहिल्या.

मिक्सटेप आणि अल्बम यांच्यातली भिंत पडली ती २०१४ ते २०१७ च्या दरम्यान. डिसेंबर २०१४ पासून अमेरिकेतील संगीताची क्रमवारी लावणाऱ्या ‘बिलबोर्ड’च्या अल्बमच्या मुख्य यादीत स्ट्रीमिंगही धरले जाऊ लागले, गाणी १५०० वेळा ऐकली गेली की एक अल्बम विकला गेला, असे मानण्याचे ठरले. फेब्रुवारी २०१६ मध्ये खपावरून गोल्ड, प्लॅटिनम ही प्रमाणपत्रे देणाऱ्या संघटनेनेही तेच प्रमाण स्वीकारले. फेब्रुवारी २०१५ मध्ये ड्रेकने मिक्सटेपच्या धाटणीचा संच थेट विक्रीला ठेवला आणि २०१७ मध्ये २२ गाण्यांच्या संचाला त्याने ‘प्लेलिस्ट’ म्हटले. चान्स द रॅपरचा विकत न मिळणारा, केवळ स्ट्रीमिंगवरचा संच २०१७ मध्ये ग्रॅमी या संगीत पुरस्काराचा मानकरी ठरला. तोच पडदा, तेच ॲप, तीच यादी: चाचपणीचे गाणे आणि सिद्ध गाणे एकाच रांगेत, एकाच मोलाने उभे राहिले.

नव्या मोजमापाचे गणित साधे आहे. दहा गाण्यांचा अल्बम श्रोत्यांनी मिळून १५० वेळा पूर्ण ऐकला, तर तो एका विक्रीएवढा धरला जाई. २५ गाण्यांचा अल्बम ६० वेळा ऐकला तरी तेवढेच श्रेय मिळे. शिवाय स्पॉटिफायवर एखादे गाणे तीस सेकंद वाजले की ते ऐकले गेले असे धरतात. याचा अर्थ, दुबळी दहा गाणी वगळणाऱ्या कलावंताने स्वतःच्या हाताने क्रमांक आणि पैसा दोन्ही सोडायचे. २०१६ मध्ये ड्रेकने आपल्या २० गाण्यांच्या अल्बमच्या शेवटी आदल्या वर्षी गाजलेले ‘हॉटलाइन ब्लिंग’ जोडले, तेव्हा त्या गाण्याचे स्ट्रीमिंगही अल्बमच्या खात्यात जमा झाले. २०१८ च्या त्याच्या २५ गाण्यांच्या अल्बममधील सात गाणी एकाच आठवड्यात ‘बिलबोर्ड’च्या गाण्यांच्या यादीत पहिल्या दहांत होती. मिगोस या त्रिकुटाने २०१७ मध्ये १३ गाण्यांचा नेटका अल्बम दिला होता. वर्षभरातच त्याचा दुसरा भाग आला तो २४ गाण्यांचा आणि पावणेदोन तासांच्या आसपासचा. तोही पहिल्या क्रमांकावर गेला, पण पहिल्या भागातला कस त्यात जागोजागी पातळ झाला आहे, आणि तो अर्ध्यावर आणला असता तर उत्तम अल्बम ठरला असता असे वाटल्यावाचून राहत नाही. पुढे यात वाढीव गाण्यांच्या ‘डिलक्स’ आवृत्तीची भर पडली. लिल उझी व्हर्टने दीर्घकाळ लांबलेला अल्बम ६ मार्च २०२० रोजी दिला आणि आठवड्याभरात त्याला १४ नवी गाणी जोडली.

तंत्राचाही यात वाटा आहे. घरच्या संगणकावर ध्वनिमुद्रण होऊ लागल्याने स्टुडिओच्या भाड्याचा धाक गेला. कागदावर कडवे न लिहिता माइकसमोर एक ओळ म्हणायची, थांबायचे, पुढची सुचली की ती जोडायची, या ‘पंच-इन’ पद्धतीने एका रात्रीत अनेक गाणी होतात. या पद्धतीतून अनपेक्षित, जिवंत ओळी निघतात हे खरे. पण कडव्याला आरंभ, चढ आणि शेवट देणारी बांधणी तिच्यात सहसा हरवते. माझी स्वतःची नाराजी गाण्यांच्या संख्येपेक्षा या हरवलेल्या बांधणीबद्दल अधिक आहे.

तरीही वेग म्हणजे घसरण, असे समीकरण मांडता येत नाही. फ्यूचरने ऑक्टोबर २०१४ ते जुलै २०१५ या नऊ-दहा महिन्यांत तीन मिक्सटेप आणि एक अल्बम दिला, आणि त्याचे सर्वोत्तम काम त्याच काळातले आहे असे त्याचे बहुतेक चाहते मानतात. नासचे उदाहरण तर या चर्चेतले सर्वांत मोलाचे आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात रॅपर आणि निर्माता कान्ये वेस्टने अमेरिकेतील वायोमिंग राज्यात बहुतेक सात-सात गाण्यांच्या अल्बमांची मालिका घाईघाईने पूर्ण केली. तिच्यातील नासचा अल्बम आटोपशीर असूनही निस्तेज निघाला. पुढे २०२० ते २०२३ या काळात त्याच नासने हिट-बॉय या एकाच निर्मात्याबरोबर सहा अल्बम केले. त्यांतील पहिल्याने त्याला कारकिर्दीतले पहिले ग्रॅमी मिळवून दिले आणि सहांनी मिळून पन्नाशीला टेकलेला रॅपर इतक्या सातत्याने इतके चांगले लिहू शकतो हे दाखवून दिले. फरक पडला तो समोर बसून ‘हे ठेवू, हे नको’ म्हणणाऱ्या जोडीदारामुळे.

प्रतीक्षेबद्दलही असाच भाबडेपणा टाळायला हवा. डॉ. ड्रेचा ‘डिटॉक्स’ हा अल्बम वर्षानुवर्षे गाजत राहिला आणि कधीच आला नाही. २०१५ मध्ये त्याऐवजी वेगळाच अल्बम आला. केंड्रिक लामारने २०१७ नंतर पाच वर्षे अल्बम काढला नाही आणि त्याचे मौन त्याच्या पुढच्या अल्बमला वजन देऊन गेले. परंतु २०२४ च्या वसंतात ड्रेकशी झालेल्या वादात त्याच केंड्रिकने एका आठवड्याच्या आत चार गाणी सोडली आणि त्यांनी सगळे हिप-हॉप खिळवून ठेवले, कारण प्रत्येक गाण्याला नेमके प्रयोजन होते. प्लेबॉय कार्टीने डिसेंबर २०२० नंतर चार वर्षांहून अधिक काळ चाहत्यांना ताटकळत ठेवले आणि मार्च २०२५ मध्ये दिला तो ३० गाण्यांचा अल्बम, ज्याला काही दिवसांतच आणखी गाणी जोडली गेली. त्या वाट पाहण्याने अल्बमची छाटणी काही केली नाही. याउलट, वायोमिंगच्याच मालिकेत सात गाण्यांचा अत्यंत घट्ट अल्बम देणारा पुशा टी जुलै २०२५ मध्ये आपला भाऊ मॅलिस याच्यासह ‘क्लिप्स’ या जोडीचा २००९ नंतरचा पहिला अल्बम घेऊन आला. त्याची निर्मिती फॅरेल विल्यम्सकडे होती, आणि इतक्या वर्षांनंतरही त्या तिघांनी त्यात १३ गाणीच ठेवली.