गिअरची दांडी आणि बारा मिलिमीटर

कॉन्टेसा चालवायला घेणाऱ्या बहुतेकांची पहिली तक्रार गिअरबद्दल असते. दांडी लांब, हात डॅशबोर्डपासून सीटपर्यंत फिरवावा लागतो, आणि न्यूट्रलमध्ये ती इतकी डुलते की तिसरा कुठे नि पाचवा कुठे याचा अंदाजच येत नाही. मग कोणीतरी सुचवतं, ‘शॉर्ट शिफ्टर बसवून टाक,’ म्हणजे हाताचा प्रवास कमी करणारी गिअरची दांडी. सल्ला चुकीचा नाही. पण त्या दांडीत भौतिकशास्त्र काय चाललंय ते समजून घेतलं, तर पैसे योग्य जागी खर्च होतात.

हिंदुस्थान मोटर्सने १९८४ साली ही गाडी आणली. सांगाडा इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरचा. सुरुवातीचं इंजिन अगदीच मवाळ होतं. पुढे इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन आणि पाच गिअर आले, तेव्हा कुठे त्या रुंद नाकाला शोभेल असा दम आला. नाशिकला रॅलीचं वेड जुनं असल्यामुळे अशा गाड्या हौसेने जपणारे इथे भेटतात, आणि अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतींमुळे हवा तो सुटा भाग लेथवर उतरवून देणारे कारागीरही. या दुसऱ्या गोष्टीला फार महत्त्व आहे. अमेरिकेत फोर्ड मस्टँगचा मालक डब्यात पॅक केलेलं शिफ्टरचं किट मागवतो. कॉन्टेसावाल्याला सहसा रेखाटन घेऊन लेथवाल्याकडे जावं लागतं.

अमेरिकेत शिफ्टरचा हा धंदा साठच्या दशकात फोफावला. तिथल्या पुष्कळ गाड्यांचा गिअर तेव्हा आपल्या पद्मिनीसारखा स्टिअरिंगच्या दांड्यावर असायचा. तो काढून खाली फ्लोअरवर आणायचा, हे त्या काळच्या तरुण पोरांचं पहिलं मॉडिफिकेशन. त्यात हर्स्ट कंपनीचा शिफ्टर इतका नावाजला की १९६४ च्या पाँटियाक जीटीओमध्ये तो कारखान्यातूनच बसून येऊ लागला.

आता दांडीकडे वळू. मागच्या चाकांवर चालणाऱ्या अशा गाडीत गिअरबॉक्स इंजिनमागे उभा लांबट बसलेला असतो आणि दांडी थेट त्याच्या माथ्यावरून आत उतरते. मध्ये केबल नाही, जोडदांड्यांचं लिंकेज नाही. दांडीवर एक गोळा असतो, तो प्लास्टिकच्या वाटीत बसतो. गोळ्याच्या वर तुमचा हात, खाली गिअरबॉक्समधला सरकणारा रॉड. गावाकडच्या हापशासारखाच हा तरफेचा खेळ आहे: हातातला दांडा लांब ठेवला तर जोर कमी लागतो पण हात जास्त हलवावा लागतो, दांडा आखूड केला तर उलट.

हिशोबासाठी सोयीचे आकडे धरू. गोळ्याच्या वर २४० मिलिमीटर दांडी, खाली ४०. गुणोत्तर ६. आतला रॉड न्यूट्रलपासून गिअरपर्यंत ११ मिलिमीटर सरकायला हवा. म्हणजे वरची मूठ ६६ मिलिमीटर सरकणार. तिसऱ्यातून चौथ्यात जाताना रॉड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो, म्हणून हाताचा प्रवास दुप्पट, १३२ मिलिमीटर.

हा प्रवास कमी करायचे दोन मार्ग. पहिला सगळ्यांच्या डोक्यात लगेच येतो: वरून कापा. ५० मिलिमीटर कापली, की वर १९० उरली, गुणोत्तर ४.७५ झालं, प्रवास साधारण २१ टक्क्यांनी घटला. पण मूठही तेवढीच खाली गेली, स्टिअरिंगपासून लांब, आणि गिअर टाकताना खांदा वाकवायची सवय लावावी लागली. दुसरा मार्ग म्हणजे गोळा १२ मिलिमीटर वर उचलायचा. मूठ जिथे होती तिथेच. वर २२८, खाली ५२, गुणोत्तर ४.३८. प्रवास २७ टक्क्यांनी कमी. वरून पाच सेंटिमीटर छाटून जे साधत नाही ते खालच्या सव्वा सेंटिमीटरपेक्षाही कमी बदलाने साधतं, कारण खालचा हिस्सा मुळातच आखूड असल्यामुळे त्यातला थोडासा फरकही गुणोत्तर जोरात हलवतो. बाजारातले चांगले शिफ्टर बहुतेक हेच करतात.

निसर्ग यात फुकट काही देत नाही. रॉडवर २५ किलोचा जोर लागत असेल, तर जुन्या दांडीवर हाताला ४.२ किलो लागायचा, नव्या दांडीवर ५.७. अंतर गुणिले जोर, दोन्हीकडे गुणाकार तोच. खरी गंमत पुढे आहे. समजा तुमच्या हाताची सवय बदलली नाही आणि तुम्ही त्याच ४.२ किलोने ढकललं. आता आत रॉडवर २५ नाही, फक्त १८ किलो पोचतात. आणि गिअर पडायला किती वेळ लागतो हे या आतल्या जोरावर ठरतं, हाताच्या प्रवासावर कमीच.

ते कसं, हे समजायला सिंक्रोनायझर, म्हणजे गिअर टाकताना गती जुळवणारा भाग, बघावा लागतो. कॅडिलॅकने १९२८ साली, अर्ल थॉम्पसन या अभियंत्याच्या रचनेवरून, तो प्रथम गाडीत बसवला. त्याआधी फिरत्या दातांची गती जुळवणं हे चालकाचं काम होतं. आपले जुने ट्रकवाले कसारा घाटात डबल क्लच मारायचे ते याचसाठी: न्यूट्रलला येऊन क्लच सोडायचा, थोडी रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबून गिअर टाकायचा. सिंक्रोनायझरमध्ये हे काम एक पितळी कडं करतं. त्याची आतली बाजू शंकूसारखी निमुळती असते, आणि ती गिअरच्या तशाच निमुळत्या पोलादी गळ्यावर जाऊन घासते. घर्षणाने दोघांची गती एक होते. तोवर कड्याचे तिरके दात पुढचा रस्ता अडवून धरतात. गती जुळली की अडसर आपोआप सुटतो आणि स्लीव्ह, म्हणजे गिअरला शाफ्टशी जोडणारी सरकती बाही, दातांवर सरकते. दांडी क्षणभर अडून मग ‘खटक्’ करून आत जाते, ती ही जागा. शंकूचा कोन साधारण सहा-सात अंशांचा असतो. कोन इतका बारीक असल्यामुळे पाचर ठोकल्यासारखा आतला जोर आठ-नऊ पटींनी वाढून पृष्ठभागावर दाबतो. आणखी बारीक कोन ठेवला तर कडं तिथेच अडकून बसेल.

इगतपुरी सोडून घाट उतरताना तिसऱ्यातून दुसऱ्यात यायचं आहे असं धरा. तिसऱ्यात इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांवर असेल, तर दुसऱ्यात त्याच वेगाला सुमारे ३००० लागतील. क्लच दाबलेला आहे, पण क्लच प्लेट आणि तिच्याशी जोडलेला शाफ्ट यांना हजार फेऱ्यांनी पळवायचं काम त्या बारीक पितळी कड्यालाच करायचं आहे. जोर जास्त तर वेळ कमी, जोर कमी तर वेळ जास्त. आखूड दांडीवर सवयीच्याच जोराने ढकललं तर कड्याला तेच काम करायला ३७ टक्के जास्त वेळ लागतो. घाईत जोर वाढवला तर वेळ वाचतो, पण कडं अधिक तापतं. त्यावर बारीक खाचा असतात, तेलाचा थर कापून धातूला धातू भिडवण्यासाठी. त्या एकदा गुळगुळीत झाल्या की ‘कर्रर्र’ सुरू. म्हणून शॉर्ट शिफ्टरने गिअर जलद पडतो हे अर्धसत्य आहे. हाताचा प्रवास वाचतो, सिंक्रोनायझरचा वेळ वाचत नाही.

मग डुलणाऱ्या दांडीचं काय? इथे माझं मत ठाम आहे: आधी बुश (सांध्यात बसणारी बाही), मग शिफ्टर. दांडीच्या खालच्या टोकाशी अर्धा मिलिमीटर ढिलाई असेल तर सहाच्या गुणोत्तराने ती मुठीशी तीन मिलिमीटर होते. आखूड शिफ्टरने ती सव्वादोनवर येते खरी, पण प्रवासही त्याच प्रमाणात घटल्यामुळे ढिलाईचा वाटा तोच राहतो. गाडी ‘घट्ट’ वाटत नाही, फक्त आखूड वाटते. पंचवीस-तीस वर्षं उन्हात तापलेली प्लास्टिकची वाटी बदलली, खालच्या टोकाचं बुश बदललं, की निम्म्या लोकांची हौस तिथेच भागते. गॅरेजवाले हे सहसा सांगत नाहीत, कारण बुशमध्ये कमाई नाही.

काम करताना आधी चाकांखाली अडसर लावायचा, कारण गाडी न्यूट्रलमध्ये राहणार. मूठ उलटी फिरवून काढली की लेदरचा बूट (दांडीभोवतीचं आवरण), त्याखाली रबरी बूट, त्याखाली झाकणाचे बोल्ट. दांडी उपसल्या उपसल्या त्या भोकात स्वच्छ फडकं कोंबावं. वरून पडलेला एक वॉशर बाहेर काढायला अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागू शकतो. जुनी वाटी बहुतेक वेळा बोटाने दाबली तरी तडकते. तिचे तुकडे मोजून बाहेर आले की नाही ते बघावं.

नवी वाटी डेलरीन या टणक प्लास्टिकची करून घ्यावी. लेथवाला नायलॉन पुढे करेल, स्वस्त आहे म्हणून. पण नायलॉन हवेतला ओलावा शोषून फुगतो, आणि पावसाळ्यात दांडी अडकायला लागते. डेलरीन जवळजवळ शोषत नाही, शिवाय त्यावर पोलाद सहज घसरतं. पितळेचं बुशही चालेल, पण मग गिअरबॉक्सची प्रत्येक कुरकुर मुठीतून तळहातात येते. मूळ कारखान्याने रबर आणि मऊ प्लास्टिक उगाच घातलेलं नव्हतं. रोजची गाडी असेल तर ही कुरकुर महिन्याभरात नकोशी होते.

गोळा वर उचलायला १२ मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी झाकणाखाली बसते, आणि दांडीचा खालचा हिस्सा तेवढाच लांब लागतो. जुनी दांडी कापून मध्ये तुकडा वेल्ड करायचा मोह टाळावा. सगळा ताण गोळ्याजवळच येतो, आणि वेल्डशेजारचं पोलाद तिथेच दगा देतं. अख्खी दांडी ईएन-८ या पोलादाच्या एका सळीतून उतरवावी. बोल्टही १२ मिलिमीटरने लांब हवेत; जुनेच वापरले तर ॲल्युमिनियमच्या कास्टिंगमध्ये दोन-तीनच आटे पकडतात आणि पहिल्याच जोरदार शिफ्टला सोलून निघतात. रबरी बूट परत बसवायला कंटाळू नये: धूळ, उष्णता आणि सायलेन्सरखालचा धूर केबिनमध्ये येण्यापासून तोच अडवतो.

मस्टँगच्या शिफ्टरवर आणखी एक सोय असते, ती इथेही करून घेण्यासारखी आहे: दांडीच्या पुढे-मागे दोन स्टॉप बोल्ट. गिअर पूर्ण पडल्यावरही उत्साहाने ढकलत राहिलं, तर तो जोर आतल्या शिफ्ट फोर्कवर, म्हणजे स्लीव्ह सरकवणाऱ्या काट्यांवर, जातो. फोर्क वाकतात, झिजतात. गिअर टाकून बोल्ट दांडीला टेकेपर्यंत फिरवायचा, किंचित मागे घ्यायचा, लॉक नट आवळायचा. फार पुढे ठेवला तर गिअर अर्धवट पडून उडतो, म्हणून ही जुळणी निवांतपणे करावी.

गोळा उचलला की आडवा प्रवासही आकसतो, गेट, म्हणजे गिअरच्या रांगांमधलं अंतर, अरुंद होतं. तिसऱ्यात ५५०० फेऱ्यांवर असताना चौथ्याऐवजी चुकून दुसरा पडला, तर क्लच सोडताक्षणी इंजिनला सव्वाआठ हजारांवर जावं लागेल. व्हॉल्व्ह वाकायला तेवढं पुरतं. न्यूट्रलला दांडी मधोमध आणणारी स्प्रिंग मेली असेल तर शिफ्टरआधी ती बदला.

राहिलं तेल. निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर उतरतो त्या सकाळी गिअर जड पडला तर शिफ्टरला दोष देऊ नये. थंड तेल दाट होतं आणि कड्याला ते कापून पृष्ठभागापर्यंत पोचायलाच वेळ लागतो. चार-पाच किलोमीटर गाडी चालली की तक्रार जाते. मात्र डिफरन्शियलसाठी (मागच्या चाकांमधल्या गिअरसाठी) आणलेलं जीएल-५ प्रतीचं तेल उरलंय म्हणून गिअरबॉक्समध्ये ओतू नका. त्यातली गंधकयुक्त रसायनं पितळाला मानवत नाहीत. पितळी सिंक्रोच्या जुन्या डब्याला जीएल-४ लागतं, आणि पाचशे-हजार रुपये वाचवायची ही जागा नव्हे.