ओतीव की घडीव? एलएसए आणि एलएस९ मधला खरा फरक

"दोन्ही इंजिनं ६.२ लिटरची, दोन्हींच्या डोक्यावर जादा हवा कोंबणारा सुपरचार्जर, दोन्ही जनरल मोटर्सचीच. कॅडिलॅकमधलं एलएसए काढायचं, एलएस९ बसवायचं, ८२ हॉर्सपॉवर जास्त. झालं!" हा हिशोब मला इतक्या जणांनी ऐकवलाय की आता कोणी एलएस९ चं नाव काढलं की मी आधी घोटभर पाणी पितो. इथे मिशिगनमध्ये गणपतीच्या महाप्रसादाच्या रांगेतही एकाने ऐकवला, हातात मोदक धरून.

कॅडिलॅक सीटीएस-व्हीची दुसरी पिढी, म्हणजे २००९ ची गाडी, ज्यांच्या दारात आहे त्यांना एलएसए पाठ असतं, म्हणून उरकून टाकतो. ५५६ हॉर्सपॉवर, ५५१ पाउंड-फूट टॉर्क, ईटनचा १.९ लिटरचा सुपरचार्जर. याच इंजिनाच्या जोरावर ही चार दारांची गाडी मे २००८ मध्ये जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंग ट्रॅकला ७ मिनिटं ५९.३२ सेकंदांत फेरी मारून आली. २०१२ ते २०१५ च्या कमारो झेडएल१ मध्ये हेच इंजिन ५८० हॉर्सपॉवरचं होऊन आलं. मूळ इंजिन तेच, त्यावरून भांडण नको.

एलएस९ हे २००९ ते २०१३ च्या कॉर्व्हेट झेडआर१ या स्पोर्ट्स कारचं. ६३८ हॉर्सपॉवर, ६०४ पाउंड-फूट, सुपरचार्जर २.३ लिटरचा. मिशिगनमधल्या विक्सममध्ये एकेक इंजिन हाताने बांधलं जायचं.

आता मुद्दा. वरच्या आकड्यांवरून लोक ठरवतात की एलएस९ "स्ट्राँग" इंजिन. इंग्रजीत तो एकच शब्द सगळीकडे खपतो. मराठीत मात्र जोर वेगळा आणि सोसणं वेगळं. जोराचा फरक आला तो बाहेरून: मोठा सुपरचार्जर, सुमारे ९ पीएसआयच्या जागी साडेदहा पीएसआय बूस्ट (कोंबलेल्या हवेचा दाब), व्हॉल्व्हना जास्त उचल देणारा कॅम. तेवढाच जोर हवा असेल तर एलएसएच्या सुपरचार्जरची पुली (पट्ट्याने फिरणारी चाकी) लहान करा, हवेचा रस्ता मोकळा करा, नीट ट्यूनिंग करून घ्या. एलएस९ च्या आकड्याच्या आसपास पोचता. त्यासाठी अख्खं इंजिन बदलणं म्हणजे डासासाठी घर जाळणं.

सोसण्याचा फरक मात्र आत आहे, पिस्टनमध्ये. एलएसएचे पिस्टन ओतीव (कास्ट, साच्यात ओतलेले), एलएस९ चे घडीव (फोर्ज्ड, दाबून घडवलेले).

एलएसएच्या पिस्टनला हायपरयुटेक्टिक म्हणतात. नाव भारदस्त आहे, त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की हाच वरच्या दर्जाचा माल. अर्थ एवढाच की अ‍ॅल्युमिनियममध्ये सिलिकॉन साधारण साडेबारा टक्क्यांच्या पुढे नेलंय आणि जास्तीच्या सिलिकॉनचे कठीण कण धातूत विखरून राहिलेत. असा पिस्टन झिजतो कमी, तापल्यावर फुगतोही कमी, म्हणून सिलिंडरमध्ये घट्ट बसतो आणि थंड इंजिनातही आवाज करत नाही. कंपनीने दिलेल्या ताकदीत वर्षानुवर्षं चालवायला झकास. वाईट मुळीच नाही. पण ठिसूळ.

घरातला बिडाचा तवा आठवा. घावन त्याच्यावरच जाळीदार निघतात. पण ओट्यावरून फरशीवर पडला की दोन तुकडे. घडीव लोखंडी तवा पडला तर पोचा येतो आणि संध्याकाळी त्याच्यावर परत भाकऱ्या होतात. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा असतो, तव्याचं लोखंड वेगळं, पण ओतीव आणि घडीव यांचा स्वभाव तोच.

इंजिनात ही फरशी म्हणजे नॉकिंग. ठिणगी पडल्यावर ज्वाला पसरत असताना कोपऱ्यात उरलेलं मिश्रण उष्णतेने आणि दाबाने आपोआप भडकतं, आणि दाबाचा फटका घणासारखा पिस्टनवर बसतो. त्याचा मार लागतो वरच्या दोन रिंगांच्या मधल्या अरुंद पट्टीला. ओतीव पिस्टनचा तिथला टवका उडतो. मग त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेलं, इंजिनाच्या खालच्या कोठ्यात, क्रँककेसमध्ये, दाब भरला, मागून निळा धूर. घडीव पिस्टन तसेच चार फटके खातो आणि तुम्हाला ट्यूनिंग सुधारायला वेळ देतो. मिश्रणात पेट्रोल कमी पडत राहिलं तर तोही वितळतो, हे "फोर्ज्ड आहे, काही होत नाही" म्हणणाऱ्यांनी कृपया लिहून ठेवावं.

आता लहान पुलीकडे परत या. तोच १.९ लिटरचा सुपरचार्जर जास्त वेगाने फिरतो, हवा जास्त तापवतो. उन्हाळ्यात लागोपाठ तीन-चारदा गाडी ताणली की ही हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचं पाणीही तापतं, आणि नॉकिंग व्हायला हीच वेळ बरी असते. म्हणून डायनोचा, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, कागद नाचवत येणाऱ्याला मी एकच विचारतो: हा पहिल्या पुलचा (पूर्ण ताणून केलेल्या पहिल्या मोजणीचा) आकडा की चौथ्या? चौथ्याचा कागद सहसा कोणी दाखवत नाही.

घडीवचीही किंमत मोजावी लागते. तो तापून जास्त फुगतो, म्हणून सिलिंडरमध्ये सैल ठेवावा लागतो. जानेवारीत इथे गाडी सुरू केली की इंजिन गरम होईपर्यंत टकटक ऐकत बसायचं. ज्याला ते सहन होत नाही त्याने या वाटेला जाऊ नये.

मग घडीव पिस्टनवालं अख्खं एलएस९ का नको? कारण ते कॉर्व्हेटसाठी बांधलंय. त्याचं ऑइल इंजिनाखालच्या सम्पमध्ये न राहता वेगळ्या टाकीत राहतं, आणि कॅडिलॅकमध्ये त्या टाकीला कंपनीने जागा ठेवलेली नाही. "सम्प बदलू की!" असं सहज म्हणतात. पण दुहेरी ऑइलपंपासाठी त्याच्या क्रँकचं (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याचं) पुढचं टोक लांब केलंय, त्यामुळे एकट्या सम्पवर भागत नाही. मागच्या बाजूला एलएसएच्या क्रँकला आठ बोल्ट, एलएस९ ला नऊ. क्रँक आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जोडणारी जुनी फ्लेक्सप्लेट बसतच नाही. पिस्टन क्रँकला जोडणारे टायटॅनियमचे कनेक्टिंग रॉड आणि इनटेक व्हॉल्व्ह सुंदर आहेत, ६,६०० आरपीएमपर्यंत पळवायला हलके हवेच. सेडानमध्ये मला त्यांच्यावर एवढा पैसा ओतायचा नाही.

२०१६ च्या सीटीएस-व्हीतलं ६४० हॉर्सपॉवरचं एलटी४ म्हणजे एलएस९ चा धाकटा भाऊ, असंही सांगतात. नाही. ते पुढच्या पिढीचं, थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारं इंजिन आहे. वायरिंग, कॉम्प्युटर, पेट्रोलपंप, सगळंच वेगळं. या कामात त्याचं नाव नको.

माझी पसंती ठरलेली आहे: तुमचंच एलएसए खाली उतरवा आणि बांधा. त्याचा क्रँक मुळातच घडीव पोलादाचा आहे आणि क्रँक धरून ठेवणाऱ्या मेन बेअरिंगच्या प्रत्येक कॅपला सहा बोल्ट आहेत. घडीव पिस्टन आणि चांगले पोलादी कनेक्टिंग रॉड घाला. सम्प, गिअरबॉक्स, वायरिंग सगळं जागच्या जागी राहतं. मोठा सुपरचार्जर त्यानंतर. लोक आधी सुपरचार्जर चढवतात आणि टवका उडाल्यावर पिस्टनची चौकशी करतात.

आणि इंजिन उतरवायच्या आधी एकदा बॉनेट उघडून गाडी आयडलला ठेवून ऐका. खडखडाट वरच्या बाजूने, सुपरचार्जरच्या नाकाडातून येत असेल आणि जरा रेस दिल्यावर थांबत असेल, तर बहुधा तो आतल्या स्प्रिंगच्या कपलरचा (जोडणीचा) आहे. कनेक्टिंग रॉड गेला समजून नव्या इंजिनाचे भाव विचारत फिरणारे मी पाहिलेत. घन कपलर बसवला की आवाज बंद होतो.